पुलावरचा मुलगा

त्या घरात सकाळचा उजेड एकदम कधी येत नसे. गल्ली अरुंद, घर लांबट. रस्त्याच्या बाजूला लाकडी पट्ट्यांची दाट जाळी, आणि पार आत, स्वयंपाकघर व कामाची खोली यांच्या मधोमध, आकाशासाठी मोकळा सोडलेला एक लहानसा चौकोन. उजेड आधी त्या चौकोनात उतरे. दगडी कुंडीतल्या पाण्यावर काही वेळ नुसताच पडून राही, जणू त्यालाही अजून पुरती जाग आलेली नाही. मग नेच्याच्या पानांखालून वाट काढत, ओल्या शेवाळावर हिरवा होत, तो कामाच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबे. आत बांबूंवर कागद वाळत घातलेले असत — सरकत्या दारांवर चिकटवायचे, अभ्रकाच्या रंगाने ठसे उमटवलेले. त्या वेळी पाहणाऱ्याला ते कोरेच वाटावेत. उजेड उंबरा ओलांडी, चटईच्या विणीवरून हळूहळू पुढे येई, पहिल्या कागदाच्या कडेला टेके. आणि मग, मान जराशी कलती ठेवून बसलेल्या माणसाला, त्या कोरेपणातून लाटा दिसू लागत. एक लाट, तिच्या पोटातून दुसरी. समोरून पाहिले तर पुन्हा काहीच नाही.

नाओफुमी एवढ्यासाठीच लवकर उठत असे. शाळा संपल्यापासून तो वडिलांच्या हाताखाली ठसे उमटवत होता, आणि दिवसभरात स्वतःचे म्हणावे असे जे काही त्याला मिळे ते या घटकाभरातच. मग गल्लीत कुणीतरी पाणी शिंपडू लागे, क्योतो शहर जागे होई, आणि कागद पुन्हा नुसते कागद होत.

शरद ऋतूतल्या अशाच एका सकाळनंतर तो सेत्सु काकूंच्या वाचनालयात गेला. वाचनालय म्हणजे काकूंच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. शनिवारी गल्लीतली मुले तिथे जमत आणि मोठी माणसे त्यांना गोष्टीची पुस्तके वाचून दाखवत. मुलांनी बोटे घालघालून दाराचा कागद फाडला होता. काकू बाजारात गेल्या होत्या. नाओफुमी गुडघ्यांवर बसून जुना कागद ओला करून सोलत होता, तोच दाराच्या रिकाम्या चौकटीतून एक चेहरा आत आला.

“शेवटची पानं कुठं आहेत?”

ना नमस्कार, ना हवापाण्याची चौकशी. मुलीच्या अंगात कोट नव्हता. ती उत्तरेकडची होती, आणि उत्तरेकडच्यांना इथला गारठा गारठाच वाटत नाही. हातात ‘नदीचे माहेर’ची जुनी प्रत होती. बसच्या बाकावर कुणी विसरलेली ती तिला सापडली, रात्रीत तिने वाचून काढली, आणि नेमका शेवट गायब पाहून वाचनालयाच्या शिक्क्यावरचा पत्ता शोधत ती आली होती. नाओफुमीने चाचरत सांगितले की तो वाचनालयाचा कुणी नाही.

“पण... शेवट मला पाठ आहे,” तो म्हणाला.

“मग सांगा.”

ती उंबऱ्यावर बसलीच. खळीने माखलेले हात मांडीपासून दूर धरून नाओफुमीने शेवट सांगितला. एरवी अनोळखी माणसाशी दोन वाक्ये बोलताना त्याचे कान तापत. पण ही वाक्ये त्याची नव्हती, म्हणून ती सुरळीत आली.

‘नदीचे माहेर’ त्या शहरातल्या प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. एका गावाची नदी आटते. गाव म्हणते, नदी रुसून माहेरी गेली. तिला परत आणायला कोहागी नावाची मुलगी निघते. तिच्याबरोबर वाट दाखवायला एक म्हातारा नावाडी असतो, पाणी नसल्यामुळे वल्हे खांद्यावर टाकून चालणारा. आणि वाटेत एक पाणमांजर मिळते, जे प्रत्येक वळणावर खोटे बोलते. गावच्या पुलावर एक मुलगा मागे राहतो. कोहागी त्याला सांगून जाते की तू इथेच थांब, पाणी आले तर मला हाक मार. मुलगा थांबतो. शेवटच्या पानांवर पाणी येते. तो हाक मारतो. ती कुणालाही ऐकू जात नाही, कारण कोहागी अजून फार दूर असते. मग बऱ्याच काळाने ती परत येते आणि पुलावरून घरी जाते.

“आणि तो मुलगा?” तिने विचारले.

“तो पुलावरच असतो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“कमाल आहे. बाकीचे हिंडून हिंडून बदलून गेले, आणि याला नुसतं उभं करून ठेवलं.”

“तो वाट बघतो,” नाओफुमी म्हणाला. आणि मग, का कुणास ठाऊक, स्वतःचे एक वाक्य त्याच्या तोंडून निसटले — “वाट बघणं... हाही प्रवासच असतो.”

ती क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. “हे आत्ता सुचलं, की आधीपासून तयार होतं?”

त्याचे कान तापले. ती हसली. तिचे नाव तोमोए होते. ती शिक्षिका होण्यासाठी शिकत होती, शेवटच्या वर्षाला होती, आणि परीक्षेसाठी मुलांच्या एखाद्या पुस्तकावर दीर्घ निबंध लिहायचा होता. कुठले पुस्तक घ्यावे हे ठरत नव्हते. ते त्या उंबऱ्यावर ठरले.

त्यानंतर ती दर शनिवारी येऊ लागली. काकूंनी हिवाळाभर ‘नदीचे माहेर’च वाचायचे ठरवले, आणि प्रत्येकाला एकेका पात्राचा आवाज दिला. नावाडी स्वतः काकू झाल्या. पाणमांजर कोपऱ्यावरच्या न्हाव्याला मिळाले, कारण खोटे बोलण्याचा त्याला सराव आहे असे काकूंचे म्हणणे. कोहागी अर्थातच तोमोए. तिचे उत्तरेकडचे ठसठशीत उच्चार ऐकून पेंगणारी मुले ताठ बसत. आणि पुलावरचा मुलगा नाओफुमीकडे आला. त्याच्या वाट्याची पाने लागली की मुले शू करायला उठत, तांदळाच्या पापड्यांचा डबा फिरू लागे. तोमोए पापडी चावता चावता त्याच्याकडे बघे, आणि तो ओळ चुकला की भुवई नुसती उंचावी.

वाचन संपल्यावर दोघे नदीकाठाने परत येत. निबंधात तिने चार पात्रांचे चार प्रवास मांडायला घेतले होते. निघणारी निघायला शिकत नाही, ती परत यायला शिकते. वाट दाखवणाऱ्याला कळते की वाट त्यालाही ठाऊक नव्हती. खोटे बोलणारा एकदाच खरे बोलतो, आणि तेच त्याला महागात पडते. थांबणाऱ्याची जागा मात्र तिने मोकळी ठेवली होती, आणि दर शनिवारी ती विचारायची की काय पुलावरचे, काही सुचले का. त्याला सुचत नसे. तो म्हणे, सुचेल. ती म्हणे, पूल पडायच्या आत सुचू दे.

त्या दिवसांत उत्तरेच्या डोंगरांवरून सर यायची, ऊन तसेच ठेवून यायची. थेंब चमकत पडत आणि पाच पावलांवर रस्ता कोरडा असे. नाओफुमी छत्री तिच्यावर धरी, स्वतःचा खांदा भिजू देई. ती एका बोटाने दांडा त्याच्याकडे ढकले. तो पुन्हा तिच्याकडे, ती पुन्हा त्याच्याकडे... पुलाशी पोचेपर्यंत दोघेही सारखेच अर्धे ओले झालेले असत.

एकदा तिने तक्रारीच्या सुरात सांगितले की या शहरात तिला कुणाचे बोलणे कळत नाही. घरमालकीण तेवढी प्रेमळ आहे. परवाच म्हणाली, तुमच्या पावलांचा आवाज किती उत्साही असतो, ऐकून आम्हालाही तरुण झाल्यासारखे वाटते. तोमोएने आभार मानले होते, आणि तेव्हापासून ती जिना आणखी उत्साहाने चढत होती. नाओफुमीला हसू आवरेना. चालता चालता त्याला कठड्याचा आधार घ्यावा लागला.

“काय झालं?”

“त्या म्हणत होत्या... हळू चाला.”

ती तिथेच थांबली. “मग तसं सांगायचं ना.”

“सांगितलं की.”

नंतर कामाची खोली पाहायला ती घरी आली, तेव्हा त्याने तिला मान कशी कलती ठेवायची ते दाखवले. त्याच्या हाताची दोन बोटे क्षणभर तिच्या हनुवटीजवळ आली आणि न टेकताच परत गेली. तिला लाटा दिसल्या. तिने मान सरळ केली, पुन्हा कलती केली. मग हळूच म्हणाली, “तुमच्या या शहरात सरळ बघितलं तर काहीच दिसत नाही, होय ना? पण तुम्ही तसे नाही. तुम्ही माझ्याशी सरळ बोलता.”

नाओफुमीने ते वाक्य जपून ठेवले. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो ते मनाशी पुन्हा पुन्हा म्हणे, आणि एखाद्याने आपल्याला आपल्यापेक्षा चांगले समजावे यातले सुख त्याला पुरून उरे. ते खरे आहे की नाही, हे पाहण्याची गरज त्याला वाटली नाही.

फेब्रुवारीत तिची नेमणूक आली. पार उत्तरेला, कुशिरोच्या पलीकडे, समुद्रधुक्यातले एक कोळ्यांचे गाव. तिच्या आईच्या घरापासून तासाभरावर. वसंतात शाळा सुरू होणार होती. तिने हे नदीकाठच्या बाकावर सांगितले. समोर एक बगळा पाण्यात पाय रोवून उभा होता, आणि भाजलेल्या रताळ्याचा अर्धा तुकडा नाओफुमीच्या हातात निवत चालला होता.

तोमोएने गावाविषयी पुष्कळ सांगितले. किनाऱ्यावर लांबच लांब समुद्री वनस्पती वाळत घालतात, तुमच्या कागदांसारखीच. धुके इतके असते की शेजारच्या घराला हाक मारून खात्री करावी लागते. जुन्या घरांना सरकती दारे आहेत, त्यांचे कागद पिवळे पडलेत, नवे करून देणारे कुणी नाही. हे सगळे ती भराभर बोलली. मग थांबली. रताळ्याची साल तिने दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली.

“तुम्ही याल?” ती म्हणाली. “माझ्याबरोबर... म्हणजे, पाहुणे म्हणून नव्हे.”

बगळा उडाला नाही. कुणी त्यांच्याकडे पाहत नव्हते. ज्या वाक्याची स्वप्ने पाहण्याचे धाडसही नाओफुमीला झाले नव्हते, ते वाक्य थंड हवेत वाफेसारखे त्याच्यासमोर होते, आणि ते विरण्याआधी काहीतरी म्हणायला हवे होते. त्याने तोंड उघडले.

“विचार करून सांगतो.”

तिचा चेहरा उजळला. तो इतका उजळला की त्याला मान खाली घालावी लागली.

“करा,” ती म्हणाली. “नीट करा विचार. मला घाई नाही.”

आणि नाओफुमी विचार करू लागला — निदान त्याने स्वतःला तसे सांगितले. वडिलांच्या उजव्या खांद्याचा विचार केला, तो अलीकडे दुखत असे. धुक्यात अभ्रकाचा रंग वाळेल का, याचा विचार केला. तिथल्या लोकांशी रोज मोठ्याने बोलावे लागेल, याचा केला. शनिवारी तोमोए भेटे, विचारीत काहीच नसे. नुसती येताना घरून आलेला सुका मासा त्याच्यासाठी कागदात बांधून आणी, आणि बोलता बोलता सहज म्हणे की तिथे खोलीला दोन्हीकडून उजेड येतो. तो मान हलवी. त्या दिवसांइतका सुखी तो कधीच नव्हता. काही ठरलेले नव्हते, म्हणून काही हरपलेले नव्हते.

मार्चमधल्या शेवटच्या वाचनाच्या दिवशी तो आला तेव्हा काकू अंगणात होत्या. त्यांनी त्याच्याकडे नेहमीसारखे पाहिले नाही. मुले यायला अवकाश होता. आत तोमोए मुलांना बसायच्या उशा मांडत होती. त्याला पाहून तिने एक उशी पुन्हा पुन्हा सरळ केली.

मग तिने सांगितले. सकाळी तिने काकूंना आनंदाने म्हटले होते की नाओफुमी-सान यायचा विचार करतायत, म्हणालेत विचार करून सांगतो. काकूंनी चहाचा पेला खाली ठेवला होता. आढेवेढे घेत, शेवटी त्या बोलल्या होत्या, कारण पोरीला गाडीत बसेपर्यंत अंधारात ठेवणे त्यांना बघवेना.

“त्या म्हणाल्या, इथं भाजीवाल्याला विचार करून सांगते म्हटलं की तो टोपली उचलतो. स्थळ घेऊन आलेल्यांना म्हटलं की ते चपला घालतात. लहान पोरांनाही कळतं, म्हणाल्या.” तिने उशी सोडून दिली. “मला नाही कळलं.”

“नाही... तसं नव्हतं,” नाओफुमी घाईने म्हणाला. “मी खरंच विचार करत होतो. रोज करत होतो.”

“हो?”

“हो.”

“मग झाला असेल,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरे वाटले असते. “सांगा. काहीही सांगा. ‘नको’ म्हटलंत तरी चालेल. फक्त माझ्या भाषेत सांगा.”

बाहेर काकू झाडत होत्या, आणि झाडू एकाच जागी फिरत होता. नाओफुमीने तिच्याकडे पाहिले. तिच्या कपाळावर एक बट होती, दाराच्या नव्या कागदातून आलेला उजेड तिच्या एका गालावर होता, आणि ती त्याच्याकडे इतके सरळ पाहत होती की त्याला कुठेही वळायला जागा नव्हती.

“अजून थोडा वेळ...” तो म्हणाला.

तोमोएने मान डोलावली. एकदाच. जणू तिने विचारलेल्याचे उत्तर नीट, पुरेसे मिळाले होते.

मुले आली. वाचन झाले. न्हाव्याचे पाणमांजर खरे बोलून मेले तेव्हा एक लहान मुलगी रडली. नाओफुमीने पाणी आल्याची हाक वाचली, आणि त्या दिवशी कुणी पापड्यांच्या डब्याला हात लावला नाही. शेवटी सगळे गेल्यावर तोमोएने दारात बूट घालता घालता, त्याच्याकडे पाठ असतानाच सांगितले की निबंध देऊन झाला, चौथी जागा तिने भरली.

“काय लिहिलंत?”

“की कोहागीनं त्याला थांब म्हणायला नको होतं. त्याचं काही चुकलं नाही, चुकलं तिचं. थांब म्हटलं की माणूस थांबतो.” ती उभी राहिली, वळली, आणि त्या शहराच्या रीतीप्रमाणे नीट, सावकाश, खोल वाकली. ती तिथे येऊन एवढे एक शिकली होती. “म्हणून मी ‘थांबा’ नाही म्हणत. सांभाळून राहा.”

स्टेशनवर तो गेला नाही. तिने बोलावले नव्हते, असे त्याने मनाशी म्हटले.

मग कालव्याकाठची फुले आली आणि पाण्यावर वाहून गेली. नाओफुमी ठसे उमटवत राहिला, आणि कामाच्या लयीत त्याने एक गोष्ट रचली. दोन भाषांच्या मध्ये सापडलेल्या दोन माणसांची ती गोष्ट होती. मुलगा खरेच विचार करत होता. शब्द तेवढे त्याच्या गावचे होते, आणि शब्दांनी दगा दिला. काकूंनी मध्ये पडायला नको होते. तिने आणखी थोडा धीर धरायला हवा होता. ही गोष्ट इतकी दुःखाची आणि इतकी निर्दोष होती की ती आठवताना त्याच्या डोळ्यांत पाणी येई, आणि त्या पाण्यात त्याला एक प्रकारचा विसावाही मिळे.

एका संध्याकाळी जेवताना, लोणच्याचा सलगम पुढे सरकवत, त्याने वडिलांना आडून विचारले की खांद्याचे कसे आहे. वडिलांनी त्याच्यावर नजर रोखली.

“माझ्या खांद्याचं निमित्त करू नकोस,” ते म्हणाले. “तू जन्मायच्या आधीही मी ठसे मारतच होतो. ती पोरगी आवडली होती मला. जायचं होतं तर जायचंस.” आणि त्यांनी भाताचा वाडगा पुढे केला.

तो दुसऱ्याच दिवशी स्टेशनवर गेला. पावले आपोआप पडत होती, आणि वाटेत तो स्वतःला म्हणाला की आता सगळे मोकळे होईल. तिकिटाच्या खिडकीमागे पिकल्या केसांचा, याच शहरातला माणूस होता. कुशिरो म्हटल्यावर त्याने कौतुकाने भुवया उंचावल्या. इथून आओमोरीपर्यंत गाडी, मग बोट, मग पुन्हा गाडी. लांबचा पल्ला, पण बोटीतून सूर्योदय बघण्यासारखा असतो, असे तो म्हणाला. त्याने वेळापत्रकावर पेन्सिलीने खुणा केल्या. एकेरी की परतीचे, विचारले. नाओफुमी म्हणाला, एकेरी. पेन्सिल थांबली.

“कुठली तारीख घालू?”

नाओफुमीच्या मागे एक बाई सामान घेऊन उभी होती. वर पंख्याखाली कबुतर फडफडले. तारीख सांगितली की ती लिहिली जाणार होती. आणि लिहिल्यावर ती येणार होती. आणि त्या सकाळी बोटीवर, त्या धुक्यात, दोन्हीकडून उजेड येणाऱ्या त्या खोलीत त्याला उतरावे लागणार होते, रोज, सरळ बोलत.

“विचार करून सांगतो,” तो म्हणाला.

“बरं, बरं,” पिकल्या केसांचा माणूस अदबीने हसला. त्याने वेळापत्रक मिटले, पेन्सिल कानावर ठेवली, आणि जराही न थांबता नाओफुमीच्या खांद्यावरून मागे पाहिले. “या, बाई. तुमचं?”

नाओफुमी बाजूला झाला. बाईने तिकीट घेतले, सुटे पैसे घेतले, गेली. खिडकीमागच्या माणसाने पुन्हा एकदाही त्याच्याकडे पाहिले नाही. त्याला ते पहिल्या शब्दालाच कळले होते, आणि त्यात गैरसमज काहीच नव्हता.

फेब्रुवारीत नदीकाठी तोमोएने विचारले तेव्हा नाओफुमी विचार करत नव्हता. तो नाही म्हणाला होता.